बोरमाळचा आकडा

"बाई, हे गाव आपल्याला घेऊन बुडणार," असं म्हणून डॉक्टर खटावकरांनी एक कागद माझ्यापुढं सरकवला आणि चष्मा काढून डोळे चोळले.

सकाळचे पेशंट नुकते संपले होते. बाहेर व्हरांड्यात एक म्हातारा तेवढा पट्टी बांधून घ्यायला थांबला होता. मी कागद उचलला. आमच्या आरोग्य केंद्राखालच्या अकरा गावांची नावं एकाखाली एक लिहिलेली, आणि प्रत्येकापुढं एक आकडा. हृदय कमजोर होऊन, छातीत पाणी भरून वर्षभरात तालुक्याच्या दवाखान्यात किती भरत्या झाल्या त्याचा. कुठं एक, कुठं दोन. आम्ही बसलो होतो ते तळेवाडी तर पाच हजार वस्तीचं बाजारगाव, तिथं तीन. आणि बोरमाळ, जेमतेम बाराशे डोकी, तिथं चौदा.

"चौदा भरत्या," डॉक्टर म्हणाले. "माणसं आठच, पण परत परत. आठांत सात बायका. अजून एक गंमत बघा. चौदापैकी अकरा वेळा सोमवार नाहीतर मंगळवार. जिल्ह्यावरून विचारणा आलीय, पुढच्या बैठकीत खुलासा द्या म्हणून. डॉक्टर तोच, औषध तेच, नर्स तीच. मग हेच गाव का?"

'नर्स तीच' म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या.

मी शालन ढेरे. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी या भागात आरोग्यसेविका होते आणि माझ्या तोंडाला सरपंचसुद्धा वचकून असायचा. माझ्या हाताखालून लसीला एक पोर सुटलं नव्हतं. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला सांगू.

"डॉक्टर, माझ्या गावात गोळी चुकत नाही," मी म्हणाले. "रिकामी पाकिटं दाखवल्याशिवाय मी नवी देत नाही. दर महिन्याला घरी जाऊन मोजते. एक गोळी शिल्लक निघाली तर अशी झाडते की सात घरं ऐकतात."

ही पाकिटं मोजायची पद्धत माझीच. दवाखान्यातून सुटून आलेल्यांना रोज सकाळी एक लघवीची गोळी घ्यायची असते, अंगातलं जास्तीचं पाणी उतरावं म्हणून. ती नाही घेतली की पाय सुजतात, मग दम लागतो, मग परत दवाखाना. लोक कंटाळा करतात म्हणून मी ही युक्ती काढली होती. शेजारच्या केंद्रातल्या नर्सासुद्धा आता तसंच करायच्या.

"मग पाण्यात काही असेल," डॉक्टर म्हणाले. "किंवा मिठात."

"पाणी मागच्या महिन्यात तपासून आलंय. चांगलं आहे."

"मग काय आहे हो त्या गावात?"

मला ठाऊक नाही, हे तरण्या डॉक्टरपुढं कबूल करायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी बोरमाळला गेले. दिवसा जाऊन उपयोग नसायचा, कारण अर्ध्या गावच्या बायका खालच्या फाट्यावरच्या काजूच्या कारखान्यात. सकाळी आठला आत, संध्याकाळी सहाला बाहेर, सुट्टी बुधवारी. गाव डोंगराच्या उतारावर, शेवटची घरं जंगलाला टेकलेली. मी चढण चढत होते तेव्हा दिवेलागण होत होती. पहिल्या घराच्या सोप्यात एक बाई भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून बसलेली. दुसऱ्या घरातही तशीच एक. छातीत पाणी भरलेल्या माणसाला आडवं झालं की श्वास पुरत नाही, म्हणून ते बसून झोपतं. मला हे माहीत होतं, तरी त्या दिवशी लागोपाठ तीन घरांत तशा बायका दिसल्या आणि मला भ्यायला झालं. कुणीतरी गावाला उठू नको म्हणून दटावून बसवलंय असं वाटलं.

सत्यव्वाचं घर वरच्या टोकाला. ती अडतीस वर्षांची विधवा. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात तिच्या हृदयाची झडप गेली. वर्षात तीन वेळा तालुक्याला भरती झाली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, आता चौथी वेळ यायला नको. घरात ती आणि सासू. एकुलती पोरगी मंगल गडहिंग्लजला नर्सिंग शिकत होती. तिचा फॉर्म मी भरला होता, सहीला मी गेले होते, वसतिगृहाच्या बाईंशी भांडणही मीच केलं होतं. सत्यव्वा त्यासाठी मला देवाच्या जागी मानायची, आणि मलाही ते आवडायचं.

"या की बाई," ती उठायला लागली. "च्या टाकतो."

आमच्याकडं बायका 'टाकतो, जातो'च म्हणतात.

"चहा राहू दे. पाय दाखव आधी."

तिनं लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. मी अंगठ्यानं दाबलं. खळगा पडला तो तसाच राहिला.

"मीठ खातेस?"

"अळणी खातो वो. ह्यास्नी इचारा."

सासू चुलीपाशी बसली होती. "अळणी खाती, पानी बी पीत न्हाई," ती म्हणाली. "बाई, ह्या गावाला कायतरी लागलंय. बाया बसून झोपाय लागल्यात. माझ्या उभ्या जन्मात असं बगितलं न्हवतं."

"काही लागलेलं नाही. सत्यव्वा, गोळी सकाळच्या सकाळी घेतेस ना?"

सत्यव्वानं फळीवरून दोन पाकिटं काढून माझ्या हातात दिली. दोन्ही रिकामी. "गोळ्या संपत्यात की बाई. ही बगा."

मी मोजली. गोळ्यांची तीस घरं, तीसही फोडलेली. मनात म्हटलं, बघा खटावकर.

"शहाणी आहेस," मी म्हणाले.

"बाई, मंगलचं आठ म्हयनं ऱ्हायल्यात," ती म्हणाली. बोलताना मधेच थांबून तिला श्वास घ्यावा लागत होता. "पोरगी पायावर हुबी ऱ्हाईपर्यंत निघाय पायजे. मागनं मग कायबी हुंदे."

"काही होत नाही. मी आहे ना."

निघताना ती दारापर्यंत आली. "बाई, बुधवारी तेवढं येऊ नगासा. बुधवारी मला उठवत न्हाई."

"सहा दिवस राबतेस, सातव्या दिवशी पडणारच," मी म्हणाले आणि उतरायला लागले. कपाळ माझं! एवढं तोंडानं सांगत होती बिचारी.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर मी ती पाकिटं आपटली. बोरमाळच्या पाच बायकांची होती, सगळी चाटूनपुसून रिकामी. "आता बोला. गोळी पोटात जातेय आणि सूज हटत नाही. म्हणजे गोळी पुरत नाही. डोस वाढवा."

ते विचारात पडले. "दुप्पट करायचा तर आधी रक्त बघायला हवं. या गोळीनं पाण्याबरोबर अंगातले क्षारही जातात. ते फार उतरले तर हृदय बंद पडू शकतं."

"रक्ताचा रिपोर्ट कोल्हापूरहून यायला बारा दिवस लागतात. तोवर सत्यव्वा परत भरती होईल, आणि तुमच्या कागदावर चौदाचे पंधरा होतील."

हे मी मुद्दाम बोलले. आकडा त्यांना टोचत होता हे मला ठाऊक होतं.

"बाई, नक्की घेतात ना? रोज?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? मी हमी देते."

पाच जणींच्या कागदावर त्यांनी एकाच्या दोन केल्या. पेन उचलून परत एकदा माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

गुरुवारी संध्याकाळी मी नवी पाकिटं घेऊन बोरमाळला गेले. सत्यव्वानं ती ओंजळीत धरली आणि बघत राहिली. "एवढ्या?"

"एवढ्याच. रोज दोन. कुरकुर नको."

"घशाखाली उतरत्याल का पन?"

"न उतरायला काय झालं? लहान आहेस? पुढच्या वेळी पाकिटं बघणार आहे मी. मंगलला नर्सच्या पांढऱ्या साडीत बघायचंय ना?"

ती हसली. "बगायचंय की. घेतो बाई. तुमचा सबुद मोडायचा न्हाई."

पुढचा बुधवार आला. तळेवाडीचा बाजार. सकाळी लसीकरण उरकून अकराच्या सुमाराला मी भाजीला गेले. मेथी निवडत होते तर शेजारी बोरमाळची कोंडाबाई येऊन उभी राहिली. हीसुद्धा त्या पाच जणींतली, आणि कारखान्यात सत्यव्वाच्या शेजारच्याच पाटावर बसणारी. मोठी बोलकी बाई. आज आवाज खाली घेऊन बोलली.

"बाई, एक सांगू? रागाला येऊ नगा. त्या नव्या गोळ्या जरा थोडक्या करा की."

"का गं? दोन गोळ्या जड झाल्या?"

"दोन न्हवं वो. बुधवारी एकदम गिळाय लागत्यात. सात हुत्या तवा कसंतरी जमत हुतं. आता चौदा झाल्या. मी निम्म्या उकिरड्यात पुरल्या, निम्म्या घरला जाऊन घेनार, तुमच्यापुढं खोटं कशाला."

मी मेथी तशीच खाली ठेवली.

"एकदम म्हणजे?"

"एकदम म्हंजे एकदम. आठवड्याच्या आठवड्याला. गुरुवार ते बुधवार."

"अगं, रोज घ्यायची गोळी ती! रोज सकाळी!"

"रोज?" कोंडाबाई माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच येड्यासारखं काही बोलत होते. "रोज घिऊन जायाचं कुठं बाई? ती गोळी घेटली की दुपारपातूर धा डाव उठाय लागतंय. कारखान्यात उठायचं कसं? काजू फोडताना त्याचं तेल हाताला लागतंय, हात काळंभोर हुत्यात. त्या हातानं लुगड्याला शिवलं तर कातडं जळतंय. आदी राख लावायची, मग गोडं तेल, मग साबनानं घासायचं, तवा कुठं बसता येतंय. एक डाव जाऊन याचं म्हंजे अर्दा घंटा. मुकादम दोनदा सोडतोय, तिसऱ्यांदा म्हनतोय उद्यापास्नं घरातच बस. आनि संडास म्हनाल तर वाचमनच्या खोलीम्होरं, दार मोडलंय त्याला दोन वर्सं झाली. आमी दिसभर पान्याचा थेंब घेत न्हाई, तर तुमची गोळी घिऊ?"

"मग संध्याकाळी घ्यायची!"

"सांजच्याला? आन् रातभर माळावर जायाचं? वरच्या अंगाला गवे उतरत्यात. गेल्या साली पाटलाच्या म्हातारीला उडवलं न्हाई का? बुधवारी तेवढं बरं असतंय. गडी बाजारला, घर रिकामं, न्हाणीत दिसभर काय बी करा. म्हनून समद्या बुधवारी."

सोमवार-मंगळवार. पाच-सहा दिवस गोळीशिवाय काढले की पाणी छातीपर्यंत चढायचं. बुधवारी सातच्या सात गिळून ते सगळं एकदम उतरवायचं. परत गुरुवारपासून भरायला सुरुवात. डॉक्टरांच्या कागदावर हेच लिहिलेलं होतं आणि आम्ही विहिरीचं पाणी तपासत बसलो होतो.

"आणि सत्यव्वा?" मी विचारलं. "तिनंपण पुरल्या ना निम्म्या?"

कोंडाबाईनं मान हलवली. "ती? न्हाई वो. ती लबाडी करत न्हाई. काल कारखान्यातनं येताना मी म्हनलं तिला, निम्म्या टाक. तर म्हनली, बाईंनी माज्या पोरीचं केलंय, त्यास्नी कसं फशिवायचं."

मी धावले. पिशवी तिथंच राहिली, सुटे पैसे राहिले, मागनं भाजीवाली ओरडत होती. बोरमाळची गाडी थेट दोनला होती. बाजाराच्या कडेला सातू सुताराचा टेम्पो उभा होता, त्याला म्हटलं, "सातू, आत्ता चल, काय विचारू नको." माझं तोंड बघून त्यानं लगेच गाडी चालू केली. कोंडाबाईही चढली. वाटेत मी एकच गोष्ट मनात घोळवत होते, की तिनं आज उशिरा जेवून उशिरा घेतल्या असतील, अजून थोड्या घ्यायच्या राहिल्या असतील.

सासू उंबऱ्यातच होती. "बरं झालं आलासा," ती म्हणाली. "सकाळच्यापास्नं न्हाणीत हाय. दर बुधवारचंच हाय म्हना. पन आज पायात गोळं आल्यात म्हनती."

सत्यव्वा न्हाणीच्या ओल्या दगडाला टेकून बसली होती. तोंड पार सुकलेलं, ओठ पांढरे. पोटऱ्या आतून कुणीतरी पिळावं तशा थरथरत होत्या. पायांवरची सूज मात्र गेली होती. नडगीचं हाड दिसत होतं.

"बाई, तुमी बुधवारी?" ती म्हणाली आणि पदर सावरायला लागली.

मी मनगट धरलं. नाडी दोन ठोके द्यायची, थांबायची, मग एकदम चार-पाच भराभर. परत थांबायची. बावीस वर्षांत मी तशी नाडी दोनदाच धरली होती, आणि दोन्ही वेळा पुढं काय झालं ते मला माहीत होतं.

"किती घेतल्यास?"

"समद्या," ती म्हणाली. "चौदा. आठ वाजता. चार-चार करून घेतल्या, उतरत न्हवत्या." आणि माझा चेहरा बघून तिनं विचारलं, "काय चुकलं का वो माजं?"

"तुझं काही नाही चुकलं," मी म्हणाले. "उठ."

उठवत नव्हतंच तिला. सातूनं नि शेजारच्या दोघा बाप्यांनी तिला घोंगड्यात घालून टेम्पोच्या मागं आणलं. तालुका अठरा किलोमीटर. सातूनं गाडी हाणली. मागं मी, कोंडाबाई, ते दोघे शेजारी आणि मध्ये सत्यव्वा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. घरातून निघताना मी मीठ-साखरेचं पाणी करून घेतलं होतं, ते चमच्यानं तिच्या तोंडात घालत होते. ती गिळत नव्हती. दात घट्ट आवळून धरले होते तिनं, गुडघेही एकमेकांना आवळलेले. मला वाटलं पेटके आलेत.

"सत्यव्वा, तोंड उघड. पाणी पी."

तिनं मान हलवली. मी कान तिच्या तोंडापाशी नेला.

"मला जायाचं हाय," ती म्हणाली.

"कुठं?"

तिनं डोळ्यांनीच त्या दोघा बाप्यांकडं दाखवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"इथंच कर," मी म्हणाले. "कर गं. मी धुते सगळं."

"गडी हाईत की बाई."

"आग लागो त्या गड्यांना! अहो, तोंडं फिरवा तिकडं!" मी त्यांच्यावर ओरडले. त्यांनी झटक्यात पाठ केली. बिचारे खाली मान घालून बसले. "बघ, कुणी बघत नाही. सोड. अंग ढिलं सोड."

"दवाखान्यात जाऊ की," ती म्हणाली. "तितं दार असंल न्हवं?"

"आहे. दार आहे. कडीपण आहे." मी रडत होते. "पण तू आत्ताच कर. माझं ऐक."

माझा शब्द मोडायचा नाही म्हणणारी ती बाई, तेवढं एक मात्र तिनं ऐकलं नाही. सवय होती तिला. वर्षानुवर्षं रोज दहा तास तिनं तेच केलं होतं. मी मनगट धरून ठोके मोजत होते. वळणाच्या पुलावर दोन ठोके आले आणि थांबले. मी तिसऱ्याची वाट बघितली. छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, सातूला 'हाण, हाण' म्हणत राहिले. कोंडाबाईनं माझा खांदा धरला. "बाई, बगा," ती म्हणाली.

सत्यव्वाचं लुगडं ओलं होत होतं. टेम्पोच्या फळीवरून ते पाणी आमच्या पायांपर्यंत आलं. कोंडाबाईनं स्वतःचा पदर काढून तिच्या अंगावर घातला. त्या दोघांनी शेवटपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी मी बोरमाळच्या बाकीच्या चारही घरी गेले आणि उरलेल्या गोळ्या परत घेतल्या. कोंडाबाईसारख्याच त्या तिघींनीही निम्म्या टाकल्या होत्या. कोंडाबाई गोळ्या हातात देताना म्हणाली, "मग आता रोजची एक घ्याची कवा, तेवढं सांगून जावा." मी आले तशी खाली उतरले.

एक गोष्ट मला रात्रंदिवस खात होती. मी स्वतः काय वेगळं करत होते? सकाळी घरून निघाले की गावं फिरून परत येईपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नसे. वाटेत जायचं कुठं, म्हणून. बावीस वर्षं. दोनदा मूतखडा झाला होता मला त्यापायी. सगळ्या तालुक्यात ते ओळखायला कुणी लायक असेल तर मी होते. आणि मी पाकिटं मोजत बसले.

जिल्ह्याच्या बैठकीत डॉक्टर खटावकर काही बोलायच्या आत मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तेल, राख, मोडकं दार, गवे, बुधवार, माझी पाकिटं. जिल्ह्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, कारखान्याचा संडास हा आपल्या खात्याचा विषय नाही." आणि कारकुनाला सांगितलं, "लिहा, औषध घेण्याबाबत रुग्णांचे अज्ञान."

"अज्ञान रुग्णांचं नाही, माझं," मी म्हणाले. "तसं लिहा."

"बसा," साहेब म्हणाले.

डॉक्टर उभे राहिले. "सर, सहीपण माझी आहे. मृत्यू झालाय एक."

साहेबांनी कागद चाळला. "पण भरती कुठं झालीय? वाटेतच गेल्या ना त्या? मग या तक्त्यात येत नाहीत." बोरमाळचा आकडा चौदाच राहिला.

मी कारखान्यात जाऊन मालकाशी भांडले. तिथंच दारात बसेन म्हणाले. तो गोड बोलणारा माणूस. दार करू, म्हणाला. केलंही, आठ महिन्यांनी.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मंगल माझ्याकडं आली. वीस वर्षांची पोर, आईसारखीच उंच. मी तिला चहा दिला. कसं सांगावं याची मी मनाशी जुळवाजुळव करत होते, तर तीच म्हणाली, "कोंडामावशीनं सगळं सांगितलंय बाई."

ती मला शिव्या देईल तर बरं, असं वाटत होतं. तिनं दिल्या नाहीत.

"परत कधी जाणार गडहिंग्लजला?" मी विचारलं. "परीक्षा आलीय ना?"

"न्हाई जाणार. आजीला एकटीला कुठं टाकू? काका म्हणाला, नाव काढून घे."

"मंगल, आठ महिने राहिलेत फक्त! मी बोलते काकाशी. आजीला मी बघते, माझ्या घरी आणते—"

"ती घर सोडून येत न्हाई. विचारलं मी." तिनं कप खाली ठेवला. "मुकादम घरी आला होता. आईची जागा मोकळी हाय म्हणाला. उद्यापास्नं बसणार मी."

माझ्या तोंडाचा पट्टा कुठं गेला कुणास ठाऊक. ती उठली, दारापाशी गेली आणि परत वळली.

"बाई, तुम्हाला एक विचारू? कोंडामावशी म्हणती, तिथं बसायचं तर सकाळपास्नं पाणी प्यायचं न्हाई. पण आम्हाला शिकवलंय, दिवसाला अडीच-तीन लिटर तरी पाहिजे. मग मी काय करू?"

तिनं ते खरंच मनापासून विचारलं. मी नर्स होते, ती अर्धी नर्स झालेली. दोघींनाही बरोबर उत्तर माहीत होतं. दाराला अजून आठ महिने होते.

"थोडं थोडं पी," मी म्हणाले.

"बरं," म्हणाली आणि गेली.